ट्रिब्यूट म्हणजे खंडणी की आदरांजली?

ओळदुरुस्त
मंगळवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. मी माहितीपटांची मराठी सबटायटल्स करते. सध्या पैशाच्या इतिहासावरची एक मालिका हातात आहे आणि तिच्यातल्या एका शब्दाने चार दिवस माझा पिच्छा पुरवलाय. शब्द रोजचाच आहे, मराठी बोलतानाही आपण तो सर्रास वापरतो: ट्रिब्यूट.

एकाच भागात तो चारदा येतो आणि चारही वेळा वेगळा. आधी रोमचे नागरिक युद्धासाठी ट्रिब्यूट भरतात. पुढे रोमचा सम्राट हूणांच्या अटिलाला सोन्याचं ट्रिब्यूट पाठवतो. मग निवेदक एका जुन्या दगडी पुलासमोर उभा राहून म्हणतो, की हा पूल अजून उभा आहे हेच तो बांधणाऱ्यांना ट्रिब्यूट. आणि शेवटी, आयुष्यभर नाण्यांचा अभ्यास केलेल्या एका वयोवृद्ध बाईंच्या सन्मानार्थ भरवलेल्या प्रदर्शनाला ट्रिब्यूट म्हटलंय. बाई हयात आहेत. फीत त्याच कापतात.

पहिल्या खर्ड्यात मी कर, खंडणी, श्रद्धांजली, आदरांजली असं ओळीने लिहून मोकळी झाले. तपासनीस बाईंचे दोन शेरे आले. एक, 'खंडणी' वाचून गुंडांची टोळी डोळ्यांपुढे येते. दोन, जिवंत माणसाला आदरांजली?

दुसरा शेरा झोंबला, कारण ही चूक माझ्या हातून आधीही झालेली आहे. काही वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ वादकांसाठी त्यांच्या शिष्यांनी मैफल ठेवली होती. पत्रिकेचं मराठी मी केलं. 'ट्रिब्यूट' दिसलं, रात्रीचा दीड वाजला होता, 'श्रद्धांजली' लिहिलं. पत्रिका छापून वाटल्याही गेल्या. दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या घरी सांत्वनाचे फोन सुरू झाले, आणि ते फोन स्वतः गुरुजीच उचलत होते. मला त्यांनी एवढंच विचारलं, "मी गेलो हे मला कळवायचं राहिलं का?"

तर प्रश्न असे. हा शब्द मुळात आला कुठून? मानेवर सुरी ठेवून घेतलेला पैसा आणि मनापासून वाहिलेली फुलं या दोघांना एकच शब्द कसा? आणि माझ्या चार जागी मराठीत काय लिहू?


तिरकस
मंगळवार, रात्री ११.५२

एकच शब्द का, याचं उत्तर सोपं आहे. दोन्हीकडे देणाऱ्याची मान खाली असते.


मूळशोध
बुधवार, सकाळी ७.१०

हा शब्द आपलाच आहे. संस्कृत 'त्रिभाग', म्हणजे उत्पन्नाचा तिसरा हिस्सा राजाला. तिकडे जाता जाता ट्रिब्यूट झाला.


दप्तरी
बुधवार, सकाळी ९.३०

मूळशोधराव, रागावू नका, पण नात्यातल्या माणसाला बाप म्हणायची घाई नको. लॅटिनमधला तीन आणि आपला तीन हे भाऊबंद आहेत हे खरं. पण ट्रिब्यूटचा हिशेब तीनवर थांबत नाही आणि त्रिभागाचा तर कुठे पुरावाच नाही.

ओळदुरुस्तताई, माझी नोकरी जुने कागद वाचण्यात गेली आणि निवृत्तीनंतर हट्टाने लॅटिन शिकायला बसलो. रूपं अजूनही चुकतात. पण या शब्दापाशी मी बराच काळ रेंगाळलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

लॅटिनमध्ये 'त्रिबुस' म्हणजे टोळी, जमात. इंग्रजीतला ट्राइब तोच. पण रोममध्ये त्रिबुस हा नागरिकांचा सरकारी विभाग झाला होता. दंतकथा सांगते की सुरुवातीला तीनच होते. त्रिबुसमध्ये 'तीन' आहे असं जुने रोमन लोकही म्हणत, आजच्या अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. इ.स.पू. २४१ मध्ये विभागांची संख्या ३५ झाली आणि तिथेच थांबली. या त्रिबुसवरून क्रियापद झालं 'त्रिबुएरे': वाटून देणं, ज्याच्या त्याच्या नावावर नेमून देणं. आणि असं नेमून दिलेलं जे काही, ते 'त्रिबुतुम'. इ.स.पू. पहिल्या शतकातला रोमन पंडित व्हारो स्पष्ट सांगतो, की लोकांकडून घ्यायचा पैसा विभागवार गोळा होई म्हणून त्याला त्रिबुतुम म्हणतात.

इथे थोडं थांबा. या अर्थात कोणी हरलेला नाही, कोणी जिंकलेला नाही, फुलं तर नाहीतच. आपल्याच माणसांवर वाटून टाकलेला भार आहे, बस्स.

तो भार कशासाठी? लढाईसाठी. लिव्ही हा इतिहासकार सांगतो, की इ.स.पू. ४०६ च्या सुमारास, व्हेई या शेजारच्या शहराशी झुंज चालू असताना, रोमने पायदळाला पहिल्यांदा पगार दिला. पगार द्यायचा तर पैसा हवा, म्हणून ज्याची जेवढी मालमत्ता त्या प्रमाणात त्रिबुतुम. आणि गंमत अशी, की लूट भरपूर हाती आली तर हा पैसा लोकांना परतही मिळायचा. इ.स.पू. १८७ मध्ये आशिया मायनरच्या मोहिमेवरून मानलियस व्हुल्सो लूट घेऊन आला, तेव्हा सेनेटने त्यातून लोकांचं थकलेलं त्रिबुतुम फेडायला लावलं. भरलेला पैसा सरकार परत करतं असा कर तुम्ही कुठे पाहिलाय?

म्हणून तुमच्या पहिल्या जागी 'कर' फिका पडतो. जुन्या मराठी कागदांत याला चपखल शब्द आहे: पट्टी. नेहमीचा महसूल वेगळा आणि प्रसंग पाहून बसवलेली पट्टी वेगळी. पेशवाईत कर्ज डोईजड झालं की बसायची ती कर्जपट्टी. रोमची ही युद्धाची पट्टी.

आता शब्द कूस बदलतो ती जागा. इ.स.पू. १६८ मध्ये पिडना इथे मॅसिडोनियाचा राजा पर्सियस हरला. पुढच्या वर्षी एमिलियस पॉलस त्याचा खजिना घेऊन रोममध्ये आला. खजिना एवढा होता की रोमने आपल्या नागरिकांकडून त्रिबुतुम घेणंच थांबवलं. थांबवलं ते इ.स.पू. ४३ पर्यंत, जवळजवळ सव्वाशे वर्षं. मधल्या काळात सैन्य काही कमी झालं नाही, उलट वाढलं. मग भरत कोण होतं? जिंकलेले प्रांत. पुढे सम्राटांच्या काळात त्याचे दोन ठळक प्रकार दिसतात: जमिनीवरचं 'त्रिबुतुम सोली' आणि माणशी घेतलेलं 'त्रिबुतुम कापितिस', म्हणजे आपली डोईपट्टी.

बघा, शब्द तोच राहिला, सैन्यही तेच. भरणारा तेवढा बदलला. आपल्या फौजेसाठी आपण काढलेली पट्टी होती, ती ज्या फौजेने आपल्याला तुडवलं तिच्यासाठी भरायची रक्कम झाली. माझ्या मते या शब्दाच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं वळण हेच. फुलांपर्यंतचा प्रवास त्यापुढे किरकोळ आहे.

इंग्रजीत हा शब्द १४ व्या शतकात येतो तो या हरलेल्याच्या अर्थानेच: एका राजाने दुसऱ्याला, वर्चस्व मानून किंवा शांतता विकत घेण्यासाठी, दिलेली ठरीव रक्कम. मनाने दिलेली भेट, आदराची खूण हा अर्थ १६ व्या शतकाच्या शेवटाकडे दिसू लागतो. जबरदस्ती झडली आणि 'तुम्ही वरचे, आम्ही खालचे' ही कबुली तेवढी उरली. तिरकस यांनी एका ओळीत सांगितलं ते हेच. मला तीन तास लागले.


तिरकस
बुधवार, सकाळी ९.४१

लॅटिन न शिकल्याचे फायदे.


मक्ता
बुधवार, दुपारी १.०५

दप्तरीकाका, हा प्रवास फक्त इंग्रजीत झालाय असं समजू नका. उर्दूत दिवंगत शायराला जे वाहतात त्याला 'खिराज-ए-अकीदत' म्हणतात. अकीदत म्हणजे श्रद्धा. आणि खिराज? अरबी 'खराज', म्हणजे जमिनीवरचा कर, जो जिंकलेल्या मुलखातून वसूल होई. शब्दशः श्रद्धेचा शेतसारा! लॅटिनशी काही देणंघेणं नसताना ही भाषाही त्याच वाटेने गेली.

पेशकशचंही तेच. फारसीत 'पेश' म्हणजे पुढे, 'कश' म्हणजे ओढणं. जे पुढे ओढून ठेवलं ते. मोगली कागदांत पेशकश म्हणजे मांडलिकाने वरच्या दरबारी भरायची रक्कम. आज हिंदीत कोणी 'पेशकश' म्हणालं की आपण फार तर वाहिनीचा कार्यक्रम समजतो.

जाता जाता नजराण्याबद्दल. बऱ्याच जणांना वाटतं की राजाच्या नजरेला टाकायचा तो नजराणा. तसं नाही. मराठीत दोन वेगळे अरबी शब्द 'नजर' या एकाच रूपात येऊन बसलेत. एक पाहण्याची नजर, दुसरा नवस किंवा अर्पण या अर्थाचा. नजराणा दुसरीतून आलाय. म्हणजे तो सुरुवातीपासूनच अर्पणाच्या बाजूचा.


अनुस्वार
बुधवार, दुपारी ३.२०

मूळशोध यांची हौस भागवणारं एक उदाहरण माझ्याकडे आहे, फक्त शब्द वेगळा: बलि.

ऋग्वेदापासून बलि म्हणजे देवाला दिलेलं अर्पण आणि राजाला दिलेला वाटा, दोन्ही. 'बलिहृत्' म्हणजे बलि आणून देणारा, अर्थात मांडलिक. अशोकाने लुंबिनीला जो स्तंभ उभारला त्यावर लिहिलंय, की बुद्धाचा जन्म इथे झाला म्हणून लुंबिनी गावाला 'उबलिक', म्हणजे बलिमुक्त केलं आहे आणि तिथून फक्त आठवा भाग घ्यायचा आहे. तिथला बलि हा सरळसरळ कर आहे. कालिदासही रघुवंशाच्या पहिल्या सर्गात दिलीप राजा प्रजेकडून 'बलि' घेतो असं म्हणतो, आणि लगेच सूर्याची उपमा देतो: तो पाणी शोषतो ते हजारपट परत देण्यासाठी. करवसुलीचं इतकं देखणं समर्थन दुसऱ्या कोणी केलेलं मला ठाऊक नाही.

मग मराठीत काय झालं? बलिचा 'बळी' झाला आणि आधी वेदीवरच्या पशूपर्यंत, मग अपघातातल्या मृतांच्या आकड्यापर्यंत पोचला. कराचा अर्थ पूर्ण पुसला गेला. ट्रिब्यूट करातून फुलांकडे गेला, आपला बलि करातून रक्ताकडे.

सभापर्वातलं दृश्य मात्र ताईंना कामाला येईल. राजसूयाला आलेले राजे काय काय घेऊन आले याची लांबलचक यादी दुर्योधन धृतराष्ट्राला ऐकवतो, आणि त्यात पुन्हा पुन्हा येतं की हे लोक बलि घेऊन दाराशी अडवलेले उभे होते. देणारा रांगेत, घेणारा आत. सोन्यापेक्षा ती रांग दुर्योधनाला जास्त जाळते.


ओळदुरुस्त
बुधवार, रात्री १०.१५

दप्तरीकाका, मक्ता, अनुस्वार, आज कामाला हात लागला नाही, नुसतं वाचत बसले. 'श्रद्धेचा शेतसारा' कुठेतरी वापरल्याशिवाय राहवणार नाही.

पण अटिला अजून अडलेलाच आहे. तपासनीस बाईंचं म्हणणं, खंडणी नको, 'भेट' किंवा 'नजराणा' लिहा. मला ते पटत नाही. पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाही.


दप्तरी
गुरुवार, सकाळी ८.५०

मी एक प्रश्न विचारतो: देणाऱ्याला नाही म्हणता येतं का? नाही म्हटल्यावर सैन्य येणार असेल तर खंडणी. नुसती मर्जी जाणार असेल तर नजराणा.

अटिलाच्या बाबतीत उत्तर उघड आहे. इ.स. ४३५ च्या सुमाराच्या तहात पूर्व रोमन साम्राज्याने वर्षाला ३५० ऐवजी ७०० पौंड सोनं कबूल केलं. पुढच्या काही वर्षांत हूणांनी बाल्कन उद्ध्वस्त केलं आणि आकडा २,१०० पौंडांवर गेला, थकबाकी म्हणून ६,००० पौंड वेगळे. याला भेट म्हणणाऱ्याला मी एकदा भेटू इच्छितो.

आणि गंमत म्हणजे 'भेट म्हणा' हा सल्ला तपासनीस बाईंच्या आधी रोमनांनाच सुचला होता. प्रिस्कस नावाचा एक लेखक वकिलातीबरोबर स्वतः अटिलाच्या छावणीत जाऊन आला होता. तो लिहितो, की रोमनांनी अटिलाला सेनापतीचा किताब देऊन ठेवला होता, म्हणजे त्याच्याकडे जाणारी रक्कम सेनापतीला मिळणारा शिधा म्हणून दाखवता येई. शत्रूला पगारपत्रकावर घेतलं! सोनं तेच, वहीतलं खातं बदललं.

याच्या उलट उदाहरण चीनचं. १७९३ साली ब्रिटनचा वकील मॅकार्टनी भेटवस्तू घेऊन छियेनलोंग सम्राटाकडे निघाला. त्याला नदीतून नेणाऱ्या बोटींवर चिनी अधिकाऱ्यांनी निशाणं लावली होती. त्यावर चिनी अक्षरांत लिहिलेलं होतं, की इंग्लंडचा वकील सम्राटासाठी खंडणी घेऊन येतोय. मॅकार्टनीला ते कळलं होतं. त्याने न कळल्यासारखं केलं. लंडनहून निघालेल्या भेटी नदीत शिरता शिरता खंडणी झाल्या, पेट्या न उघडता.

म्हणजे देणारा नेहमी खालचं नाव शोधतो: भेट, मदत, शिधा. घेणाऱ्याला नाव मोठं लागतं. तुम्ही कोणाच्या बाजूने भाषांतर करताय ते आधी ठरवा. निवेदक तटस्थ असेल तर खंडणी.

आता त्या गुंडांबद्दल. खंडणी हा शब्द 'खंडणे'तला. ठोक रक्कम ठरवून टाकणं, व्यवहार खंडून घेणं. जमीन 'खंडाने' देतात तोच खंड. म्हणजे मुळात शब्द तह-ठरावाचा आहे, त्यात दमदाटी नव्हती, निदान शब्दात तरी नव्हती. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहा टक्के; १७१९ मध्ये या दोन्हींच्या सनदा दिल्लीहून मिळाल्या तेव्हा तो राज्याराज्यांमधला रीतसर व्यवहार होता. कंपनीच्या इंग्रजीत असल्या रकमांना ट्रिब्यूटच म्हणत. ओडिशातल्या संस्थानांचं तर सरकारी नावच ट्रिब्यूटरी स्टेट्स होतं. पुढे राज्यं गेली, शब्द बेकार झाला आणि गुंडांच्या हाती लागला. आज पोलिसांत खंडणीविरोधी पथक असतं. ट्रिब्यूट सभागृहात जाऊन बसला, खंडणी पोलीस ठाण्यात. एकाच घरचे दोघे.

तपासनीस बाईंना म्हणावं, वाक्यात 'सम्राट' आणि 'वार्षिक' हे दोन शब्द ठेवले की गुंड आपोआप बाहेर जातील. 'सम्राट अटिलाला वार्षिक खंडणी पाठवू लागला.' कोणाला टोळी आठवते?


तिरकस
गुरुवार, सकाळी ९.०४

मला आठवते. पण ती अटिलाचीच.


खडकफोड्या
गुरुवार, दुपारी १२.३०

पेशाने भूशास्त्रज्ञ आहे, शब्दांतलं फार कळत नाही. पण आमच्याकडे ट्रिब्यूटचा एक अर्थ आहे जो इथे कोणी काढला नाही, म्हणून लिहितो.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे, तांबं आणि कथिल यांच्या खाणींचा मुलूख. तिथे १८ व्या आणि १९ व्या शतकात खाणकामगारांच्या दोन जाती होत्या. एक जण खोदलेल्या लांबीवर मजुरी घ्यायचे. दुसरे 'ट्रिब्यूटर'. ठरलेल्या दिवशी खाणीचा कप्तान खाणीतल्या एकेका तुकड्याचा पुकारा करी. तिथून निघणाऱ्या खनिजाच्या किमतीतले पौंडामागे किती शिलिंग घेऊन तुम्ही काम कराल, अशी बोली लागे, आणि सगळ्यात कमी मागेल त्याला तुकडा मिळे. मेणबत्त्या, हत्यारांना धार, सुरुंगाची दारू हे सगळं कामगाराच्या खात्यातून वजा. शीर चांगली लागली तर हात सोन्याचे, नाही लागली तर दोन महिने राबून उलट देणं.

त्यामुळे खडक वाचता येणारा माणूस चांगला ट्रिब्यूटर. शीर जाड होत चालली असेल तर तोंडातून शब्द काढायचा नाही, म्हणजे पुढच्या बोलीत तोच तुकडा स्वस्तात वाटतो. इथे ट्रिब्यूट म्हणजे कोणापुढे वाकणं नाही, की फुलं नाहीत. खनिजातला ज्याचा त्याचा वाटा. दप्तरी यांनी लॅटिनचा 'नेमून दिलेला हिस्सा' सांगितला तो वाचला आणि वाटलं, आमचा अर्थ त्या मुळाच्या सगळ्यात जवळचा निघाला की.


दप्तरी
गुरुवार, दुपारी २.१५

वा! हे मला माहीत नव्हतं. लॅटिन शिकण्याऐवजी खाणीत उतरायला हवं होतं.

तुमच्या या वाट्यावरून आठवलं. काँट्रिब्यूट, डिस्ट्रिब्यूट, अ‍ॅट्रिब्यूट, सगळी त्रिबुएरेचीच पोरं: मिळून वाटा घालणं, वाटून टाकणं, एखाद्याच्या खाती टाकणं. ट्रिब्यून आणि ट्रिब्यूनल त्रिबुसकडून आलेले चुलत. आणि काँट्रिब्यूशनला आपण म्हणतो वर्गणी, त्यातही 'वर्ग' बसलेलाच आहे.

ग्रीकांचं वेगळं. अथेन्स आपल्या मित्रराष्ट्रांकडून जे घेई त्याला 'फोरोस' म्हणत, 'वाहून आणणं' या धातूवरून. इ.स.पू. ४५४ नंतर त्यातला साठावा भाग अथेना देवीला जाई आणि त्याचे हिशेब दगडावर कोरत, ते दगड आजही आहेत. हा ग्रीक धातू आणि आपल्या 'भरणे'मागचा संस्कृत धातू एकच. कर आपण भरतो ते उगीच नाही.


ओळदुरुस्त
गुरुवार, रात्री ९.५०

भरणे! काका, तुम्ही नकळत माझं कुलूप उघडलंत. मी आजवर नामाच्याच मागे लागले होते. मराठीत खरा फरक क्रियापदात आहे. खंडणी भरतात. नजराणा पेश करतात. आदरांजली वाहतात, आणि वाहणं हे क्रियापद आपण देवाला वाहायच्या फुलांसाठी राखून ठेवलंय. मानवंदना देतात. इंग्रज मात्र सगळीकडे 'पे' करतो: ट्रिब्यूट पे, आदर पे, लक्षसुद्धा पे.

म्हणून प्रदर्शनवाल्या बाईंसाठी 'मानवंदना' घेतेय. ती उभ्या असलेल्या माणसाला देता येते. गुरुजींच्या पत्रिकेवर हेच हवं होतं, पण आता काय.

उरला पूल. तिथे कोणी काही देतच नाही. पूल नुसता उभा आहे. वाहणार कोण, भरणार कोण?


अनुस्वार
गुरुवार, रात्री १०.२०

'साक्ष'? 'हा पूल त्याच्या बांधणाऱ्यांच्या कौशल्याची साक्ष देतो.' जरा भाषणी आहे, पण चालून जाईल.


दप्तरी
शुक्रवार, सकाळी ८.३०

साक्ष बरोबर आहे, पण तुमची मालिका पैशाची आहे ना? मग पावती लिहा. 'हा पूल अजून उभा आहे, हीच त्याच्या बांधणाऱ्यांच्या कामाची पावती.' इंग्रजाने कौतुकासाठी कराचा शब्द उचलला, आपण कर भरल्यावर हातात येणारा कागद उचलला. आणि 'पे' करणाऱ्याला हसू नका, ओळदुरुस्तताई. तो शब्द लॅटिनमधल्या 'शांत करणे'तून आलाय, शांततेच्या 'पाक्स'मधून. कोणीतरी चिडून दारात उभा आहे, त्याला देऊन शांत करायचं, तेच पे. अटिलाच्या वाक्यात तर तो अगदी फिट बसतो.

मला काय सांगायचं ते एवढंच, की पट्टी, खंडणी, पावती, मानवंदना. चारांत एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही, आणि इंग्रजीत चारही जागी एकच. याला इंग्रजीची श्रीमंती म्हणायची की आळस, ते तिरकस ठरवतील.


तिरकस
शुक्रवार, सकाळी ८.३३

काटकसर.


ओळदुरुस्त
सोमवार, सायंकाळी ६.०५

मंडळी, भाग मंजूर झाला. पावतीवर तपासनीस बाईंनी बाजूला 'छान' लिहिलंय, जे त्या सहसा लिहीत नाहीत. खंडणी 'सम्राट' आणि 'वार्षिक'सकट राहिली. मानवंदनाही राहिली.

पट्टी गेली. 'युद्धासाठी नागरिकांकडून पट्टी घेतली जाई' यावर शेरा असा: जखमी सैनिकांसाठी का? मग 'पट्ट्या' असं अनेकवचन करावे.


दप्तरी
सोमवार, सायंकाळी ६.४०

'युद्धकर' लिहा आणि गप्प बसा. मीही बसतो.